चार दिवसांत गुण देणारी ट्यूब आणि बारा आठवडे घेणारी ट्यूब

लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळचे क्लास सुटले की आमच्या मेडिकलसमोर सायकली आणि स्कूट्यांची दाटी होते. नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, कुठून कुठून आलेली अकरावी-बारावीची मुलं. ओआरएसची पुडी, डोकेदुखीची गोळी मागता मागता रोज कुणीतरी आवाज खाली आणून मुरमांवरची ट्यूब मागतं. थंडीत एक मुलगी आली. मोबाईलमधला फोटो पुढे करून म्हणाली, "काकू, हीच द्या. माझ्या रूममेटला चार दिवसांत गुण आला."

मी तिला तोच फोटो मोठा करून ट्यूबवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. "ते शेवटचं नाव आहे ना बाळा, ते स्टेरॉइड आहे. चार दिवसांतला गुण त्याचा आहे." ती ट्यूब मी दिली नाही. त्याऐवजी तिला जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहिते. कारण मुरमांसाठी चांगली औषधं आहेत, ती फार महागही नाहीत, पण ती सावकाश काम करतात. आणि आपण नेमकी घाई करणारी ट्यूब शोधत असतो.

आधी मुरूम होतो कसा ते बघू. तिचे वडील शेतकरी, म्हणून मी तिला ठिबकचं उदाहरण दिलं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. लॅटरलच्या ड्रिपरमध्ये क्षार साचतात, तोंड बुजतं, मागून पाणी येतच राहतं आणि मग नळी कुठेतरी फुगते नाहीतर फुटते. चेहऱ्याच्या कातडीतही अशीच बारीक छिद्रं असतात. प्रत्येक छिद्राच्या तळाशी तेल तयार करणारी ग्रंथी असते. वयात येताना शरीरातली संप्रेरकं वाढतात आणि ही ग्रंथी जास्त तेल सोडू लागते. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या भिंतीवरच्या मेलेल्या पेशी नीट झडून बाहेर पडत नाहीत. तेलात मिसळून त्यांचा बुच बनतो. बुचामागे तेल साठलं की तिथे आधीपासूनच राहणारे जंतू वाढतात, शरीर त्यांच्याशी भांडायला उतरतं, आणि मग लाली, सूज, पू.

चार गोष्टी लक्षात ठेवा: तेल, बुच, जंतू, सूज. मुरमांवरची कुठलीही ट्यूब या चारांपैकी कशावर काम करते हे कळलं की निम्मी निवड झाली.

दुसरी गोष्ट, आज आरशात दिसलेला मुरूम आजचा नसतो. बुच बसायला सुरुवात होऊन तो डोळ्यांना दिसेपर्यंत साधारण आठ आठवडे जातात. म्हणजे आज तुम्ही अगदी योग्य औषध सुरू केलं तरी वाटेत असलेले मुरूम येणारच. औषध बिघडलेलं नसतं, आधीचा माल बाहेर पडत असतो. हे न कळल्यामुळे मुलं पंधरा दिवसांत ट्यूब बदलतात, पुन्हा पंधरा दिवसांत बदलतात, आणि कुठल्याच औषधाला काम करायला वेळ मिळत नाही.

आता स्वतःचा चेहरा खिडकीतल्या उजेडात नीट बघा. नाकावर, कपाळावर काळे ठिपके किंवा कातडीच्या रंगाचे बारीक दाणे असतील तर ते नुसते बुच आहेत, अजून सूज आलेली नाही. काळ्या ठिपक्याचा काळेपणा मळाचा नसतो. बुच उघडा असला की त्यातलं रंगद्रव्य हवेने काळं पडतं. त्यामुळे कितीही घासून तोंड धुतलं तरी तो जात नाही, उलट कातडी सोलवटते. लाल पुळ्या, पिवळ्या तोंडाचे फोड असतील तर जंतू आणि सूज दोन्ही आलेत. आणि बोटाने दाबलं की आत खोल गाठ लागते, दुखते, आठवडे झाले तरी बसत नाही, असं असेल तर ते नुसत्या ट्यूबचं काम राहिलेलं नाही. तिथे थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं, कारण अशा गाठी बसताना चेहऱ्यावर खड्डे ठेवून जातात.

एक फसवा प्रकारही आहे. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकाच आकाराच्या बारीक पुळ्या, आणि खाज. मुरमाला सहसा खाज नसते. ही बऱ्याचदा केसांच्या मुळाशी होणारी बुरशी असते, घामाच्या दिवसांत वाढते. तिला बुरशीचं औषध लागतं, आणि जंतुनाशक, म्हणजे अँटिबायोटिक, दिलं तर ती आणखी बळावते. खाज असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

औषधांकडे वळते. माझ्या मते बहुतेकांच्या उपचाराचा पाया ॲडापलीन हा असायला हवा. जीवनसत्त्व 'अ'च्या घराण्यातलं हे औषध छिद्राच्या आतल्या पेशी नीट झडायला लावतं, म्हणजे बुच बसूच देत नाही. शिवाय सूजही कमी करतं. याच घराण्यातलं ट्रेटिनॉइन जुनं, पण ते कातडीला जास्त झोंबतं आणि उजेडात त्याची ताकद जाते. ॲडापलीन त्यामानाने सौम्य आणि टिकाऊ. ०.१ टक्के ॲडापलीनची जेल अमेरिकेत २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. आपल्याकडे मात्र डॉक्टरांना चेहरा दाखवूनच सुरू करा असं मी सांगते, कारण ते मुरूमच आहेत का हे आधी ठरायला हवं.

ॲडापलीन वाया जातं ते लावण्याच्या पद्धतीमुळे. मुलं फक्त फोडावर ठिपका देतात. पण ते औषध उद्याच्या मुरमासाठी आहे, आजच्या नाही. म्हणून जिथे जिथे मुरूम येतात त्या पूर्ण भागावर पातळ थर द्यायचा. रात्री तोंड साध्या सौम्य फेसवॉशने धुवायचं, टिपून घ्यायचं, कातडी पूर्ण कोरडी होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मग हरभऱ्याच्या दाण्याएवढी जेल बोटावर घ्यायची. अख्ख्या चेहऱ्याला तेवढीच. कपाळावर, दोन्ही गालांवर, हनुवटीवर एकेक ठिपका देऊन पसरायची. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या घड्या आणि ओठांचे कोपरे सोडायचे. वरून बिनतेलाचं मॉइश्चरायझर. पहिले दोन-तीन आठवडे एक रात्र आड करूनच लावायचं, आणि कातडीने मान्य केलं की मग रोज.

पहिल्या महिन्यात थोडं कोरडं पडणं, पापुद्रे निघणं, किंचित आग होणं हे ठरलेलं आहे. काहींचे मुरूम आधी वाढल्यासारखे दिसतात. तिथेच बहुतेक जण सोडून देतात आणि मला फार वाईट वाटतं, कारण थोडं पुढे गेले असते तर फरक दिसला असता. निर्णय १२ आठवड्यांनी घ्यायचा, त्याआधी नाही. पण आग सहन होत नसेल, चेहरा सुजला असेल, तर थांबून विचारायचं. आपल्या सावळ्या कातडीला हे जास्त लागू आहे. जळजळ झाली की आपल्याकडे लाली जाते पण मागे काळा डाग राहतो. जास्त औषध लावून लवकर गुण येत नाही, डाग मात्र वाढतात. आणि दिवस राहिलेले असतील किंवा तसा विचार असेल तर ॲडापलीन, ट्रेटिनॉइन दोन्ही लावायचं नाही. नव्या सुना दुकानात येतात तेव्हा हा प्रश्न मी हळूच विचारते.

लाल फोड असतील तर दुसरा आधार बेन्झॉइल पेरॉक्साइडचा. ते जंतू मारतं, आणि त्याचा मोठा गुण म्हणजे जंतूंना त्याची सवय लागत नाही. ते २.५, ५ आणि १० टक्क्यांत येतं. मुलं ताकदवान म्हणून १० टक्क्यांची मागतात. पण लाल फोडांवर २.५ टक्के जवळजवळ तेवढंच काम करतं आणि त्याने आग बरीच कमी होते, म्हणून मी खालच्याच आकड्यापासून सुरुवात करायला सांगते. पाठीवर-छातीवर मुरूम असतील तर लावून थोडा वेळ ठेवून धुवायचं वॉश बरं पडतं.

मात्र हे औषध कापडाचा रंग उडवतं. होस्टेलवरच्या एका मुलाने निळी उशीची खोळ आणून दाखवली होती, गालाच्या जागी नारिंगी-पांढुरके ठिपके, आणि त्याला वाटत होतं आपल्याच कातडीतून काहीतरी विषारी येतंय. घाबरला होता बिचारा. पांढरी खोळ, पांढरा पंचा वापरा, बाकी काही नाही. दुसरं, ही ट्यूब उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने हे औषध आतून विघटित होतं. आपला मे महिना ४० अंशांच्या पुढे जातो. खोलीतली सर्वांत थंड, सावलीची जागा तिच्यासाठी ठेवा.

मग येते क्लिंडामायसिन, सर्वांत जास्त खपणारी जेल. हे जंतुनाशक, म्हणजे अँटिबायोटिक. सुरुवातीची काही वर्षं मीही मागेल त्याला ती काढून द्यायचे, सगळीकडे तसंच चालायचं. ते चूक होतं. एकट्या क्लिंडामायसिनने सुरुवातीला छान वाटतं, पण ती बुचाचं काही करत नाही, आणि महिनोन्‌महिने एकटीच लावली की जंतू तिला पुरून उरतात. क्लिंडामायसिन लावायचीच असेल तर सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड हवं, आणि तीही थोडे महिने. तुमच्या ट्यूबवर क्लिंडामायसिन आणि निकोटिनामाइड अशी दोनच नावं असतील, आणि ती तुम्ही वर्षभर लावत असाल, तर तो उपचार अर्धवट आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांना तेवढं विचारा.

ॲझेलेइक ॲसिडबद्दल फार थोडे लोक विचारतात, आणि मला ते फार उपयोगी वाटतं. १० ते २० टक्क्यांपर्यंत मिळतं. मुरूम आणि मुरमानंतरचे काळे डाग, दोन्हींवर काम करतं. कातडी नाजूक असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टर बहुधा याच्याकडेच वळतात. सॅलिसिलिक ॲसिडचे फेसवॉश बारीक दाण्यांना थोडी मदत करतात, त्यांच्याकडून जास्त अपेक्षा नको.

म्हणजे निवड कशी? नुसते काळे-पांढरे दाणे असतील तर रात्री ॲडापलीन, बस. दाण्यांबरोबर लाल फोडही असतील तर रात्री ॲडापलीन आणि सकाळी कमी ताकदीचं बेन्झॉइल पेरॉक्साइड, किंवा दोन्ही एकत्र असलेली एकच जेल. मुरूम थोडे आणि डाग जास्त, तर ॲझेलेइक ॲसिडचा विचार. कातडी तेलकट असेल तर जेल, कोरडी असेल तर क्रीम. एकाच दिवशी तीन नव्या गोष्टी सुरू करू नका, आग झाली तर कशामुळे झाली तेच कळत नाही. आणि सकाळी सनस्क्रीन, कारण डाग उन्हाने गडद होतात.

आता त्या चार दिवसांच्या ट्यूबकडे येते. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. इसबासारख्या आजारात डॉक्टरांच्या हातात ते फार मोलाचं आहे. ते सूज आणि लाली झटक्यात दाबतं, रंगही उजळल्यासारखा दिसतो, म्हणून मुरमावर लावलं की चमत्कार वाटतो. पण बुच तिथेच, तेल तिथेच. आठवडे-महिने लावत राहिलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, आणि स्टेरॉइडमुळेच वेगळे मुरूम उठतात. थांबवलं की चेहरा लाल होऊन पेटतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो. यातून सुटणं अवघड असतं.

माझ्या भाचीच्या लग्नाआधी एका पार्लरमधून तिला बिनलेबलची एक डबी मिळाली होती, 'नाईट क्रीम' म्हणून. लग्नात चेहरा काचेसारखा दिसला. चार महिन्यांनी ती माझ्याकडे अंबाजोगाईहून आली तेव्हा दुपारच्या उन्हात दारातून आत यायलाही तिला आग होत होती, ओढणी ओली करून गालाला धरली होती. डॉक्टरांनी हळूहळू ती सवय सोडवली. जवळपास वर्ष गेलं. त्या वर्षात तिने एकही फोटो काढू दिला नाही. मी औषधांच्या धंद्यात असून माझ्या घरात हे झालं, याचं मला अजून दुःख आहे.

केंद्र सरकारने २०१८ साली लावायच्या १४ स्टेरॉइडांना चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत टाकलं. तरीही ट्यूब हातोहात फिरतात, रूममेटकडून रूममेटकडे, जावेकडून जावेकडे. म्हणून नावं ओळखायला शिका. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. नावाच्या शेवटी बऱ्याचदा 'सोन' किंवा 'सोल' येतं, पण नुसत्या शेपटावर भरवसा नको, केटोकोनाझोल हे बुरशीचं औषध आहे, स्टेरॉइड नाही. अडलं तर मेडिकलवाल्याला स्पष्ट विचारा, "यात स्टेरॉइड आहे का?" आणि ज्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत ती तोंडाला लावूच नका. आधीच महिनोन्‌महिने लावत असाल तर घाबरून एका दिवसात स्वतःच बंद करू नका, डब्यासकट डॉक्टरांकडे जा.

घरगुती उपायांबद्दल आया विचारतात. लिंबू लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होऊन काळी पडते. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट कातडीचा थर बिघडवतात. बेसन-हळदीने नुकसान सहसा होत नाही, पण त्याने बुच निघत नाही, आणि खसखसून चोळलं तर फोड चिघळतो. केसांना तेल लावा, पण कपाळावर ओघळेल इतकं नको, आणि रात्रभर तर नकोच. मुली गाडीवर तोंडाला स्कार्फ बांधतात, उन्हासाठी ते बरोबरच आहे, फक्त घामाने भिजलेला तोच स्कार्फ दुसऱ्या दिवशी नको. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, त्याचा थर राहून चेहरा ओढल्यासारखा होतो. तोंडापुरतं फिल्टरचं तांब्याभर पाणी मिळालं तर चांगलं. दिवसातून दोनदा धुणं पुरे. आणि फोडू नका. दोन नखांमध्ये धरून फोडलेला मुरूम आतल्या आत फुटतो आणि खड्डा ठेवतो. खड्डे भरून काढणारी ट्यूब माझ्या कपाटात नाही.

काही वेळा कारण आत असतं. मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर पीसीओडीची, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी लागते. मुलगा जिममध्ये जाऊन कसली इंजेक्शनं किंवा पावडर घेत असेल तर ते लपवू नये. क्षयाची किंवा स्टेरॉइडच्या गोळ्यांची औषधं चालू असतील तर तीही सांगावीत. १२ आठवडे नीट लावूनही फरक नसेल, गाठी असतील, खड्डे पडू लागले असतील, तर पोटातून घ्यायची औषधं लागतात आणि ती डॉक्टरांच्याच देखरेखीखाली. आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूलने पोटातल्या बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून ती मैत्रिणीच्या पाकिटातून कधीच घ्यायची नाही. खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर आपल्याकडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत त्वचारोग विभाग आहेत: लातूरचं विलासराव देशमुख, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरी, संभाजीनगरची घाटी. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, सध्या लावत असलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्यायच्या.

त्या मुलीने आठवड्याभराने सरकारी दवाखान्यातली चिठ्ठी आणली. रात्रीसाठी ॲडापलीन, सकाळसाठी २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड. मी तिला पहिल्या दिवशीच एका खिडकीपाशी, एका वेळी फोटो काढून ठेवायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात ती रडवेली होऊन आली, "काकू, वाढायलेत." मॉइश्चरायझर वाढवायला सांगितलं, रोजचं लावणं एक रात्र आड केलं, आणि परत पाठवली.

बारा आठवड्यांनी तिने काउंटरवर मोबाईल ठेवला, दोन फोटो शेजारी-शेजारी. कपाळ जवळपास साफ. हनुवटीवर दोन लाल पुळ्या अजून होत्या. गालावरचे डाग होते, पण विटकरी झाले होते, आधीसारखे काळे नाहीत. "आणि हे डाग?" तिने विचारलं. मी म्हटलं, अजून काही महिने जातील, मुरूम थांबले तरी ॲडापलीन सोडायचं नाही, आणि दुपारच्या बॅचला सनस्क्रीन लावल्याशिवाय निघायचं नाही. तिने जेलची नवी ट्यूब घेतली, उलटी करून बारीक अक्षरं वाचली, आणि दप्तरात टाकली.